तीन दिव्यांखाली

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळी मुलं उठून उभी राहिली.

त्यांची काही चूक नव्हती. एकोणचाळीस वर्षांची बाई, इस्त्रीचे कपडे, हातात जाड वही, चष्म्याला दोरी. त्यांना वाटलं, आल्या बाई शिकवायला. मी गडबडून म्हणाले, "बसा, बसा," आणि तिथेच घात झाला. विद्यार्थी असं म्हणत नाहीत. मागोमाग खरोखरचे सर आले, मी निमूट जाऊन एका स्टुलावर बसले, तेव्हा वर्गात खसखस पिकली. त्या दिवशी माझं नाव 'मॅडम' पडलं ते कायमचं. त्यात कुचेष्टा नव्हती, हे मला नंतर कळलं. पण जिला मॅडम म्हणतात तिला कुणी चहाला चल म्हणत नाही.

वर्गाला एका बाजूने चार उंच खिडक्या होत्या. सगळ्यांना खिडकीचा उजेड हवा असे, त्यामुळे तिथे चित्र टेकवायच्या इझलांची दाटी. कोपराला कोपर लागे, एकाचा ब्रश दुसऱ्याच्या बाहीला पुसला जाई आणि त्यावरून दिवसभर हमरीतुमरी चाले. मी समोरच्या टोकाला, अडगळीच्या खोलीला लागून असलेला कोपरा घेतला. तिथे खिडकीचा उजेड पोचत नसे. डोक्यावर एक ट्यूबलाइट होती. सरांनी विचारलं, "इथे का?" मी म्हणाले, "खिडकीचा उजेड तासातासाला बदलतो. हा बदलत नाही." हे खरंच होतं. पूर्ण खरं नव्हतं, एवढंच.

त्याआधी पंधरा वर्षं मी एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, रंग जुळवण्याचं काम केलं. गिऱ्हाईक एखादा तुकडा आणून देई, पत्र्याचा, प्लॅस्टिकचा, कधी जुन्या दाराचा टवका, आणि अगदी तसाच रंग आम्ही करून द्यायचा. प्रयोगशाळेत आतून राखाडी रंगवलेली एक पेटी होती. तिला तीन बटणं. एक दिवसाच्या उजेडाचं, एक ट्यूबलाइटचं, एक घरातल्या पिवळ्या बल्बचं. दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत एक दिसतात आणि दुसरा दिवा लावला की वेगळे होतात, असं होऊ शकतं. रंग काही नुसता वस्तूत नसतो. दिवा काय देतो आणि वस्तू त्यातलं काय परत करते, यावर तो ठरतो. दिवा बदलल्यावर जोडी मोडली की आम्ही म्हणायचो, रंग फुटला. फुटलेला रंग बाहेर जाऊ द्यायचा नाही.

दुसरा नियम असा की ज्याने रंग मिसळला त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्या माणसाने बघायचं. माझे दुसरे म्हणजे काका. ते कुणाचेही काका नव्हते, सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. ते पेटीत डोकं घालत, तिन्ही बटणं एकेक करून दाबत आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणत. पहिल्या वर्षी मी एकदा चिडून विचारलं, "पण का नाही?"

"का ते तू शोध. माझं काम नाही म्हणायचं."

पंधरा वर्षं मी दुसऱ्याने आणलेल्या रंगासारखा रंग केला. एकदा तरी कुणीच न आणलेला रंग करावा, असं मनात येत राहिलं. रविवारची चित्रं काढत होतेच. प्रवेश परीक्षा दिली ती कुणालाही न सांगता. पास झाले, तेव्हा साहेबांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली आणि म्हणाले, हौस फिटली की परत या.

विद्यापीठाची रीत अशी होती. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने पाच चित्रं मोठ्या दालनात लावायची, बाहेरचे परीक्षक येणार, आणि बावीसपैकी दहा जण पुढच्या वर्षात घेणार. त्या वर्षात प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळे, काम करणाऱ्या चित्रकाराच्या हाताखाली बसायला मिळे, बाहेरची कामं मिळू लागत. थोडक्यात, त्या दहांतला माणूस चित्रकार म्हणून पोट भरू शके. बाकीच्यांना प्रमाणपत्र. माझी रजाही नेमकी तेव्हाच संपणार होती. साहेबांचं पत्र आलं होतं की पंधरा तारखेपर्यंत काय ते कळवा.

ताई दर रविवारी फोन करी. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि अजून तसंच बोलते.

"चाळिशीत लोकांना चष्मा लागतो. तुला चष्मा आधीच होता, म्हणून हे लागलं."

"बरं."

"जेवलीस?"

"जेवले."

"तिथे बोलायला आहे का गं कुणी?"

"आहे की."

"कोण?"

मला पटकन आठवेना. "बसणाऱ्या बाई," मी म्हणाले. "ज्यांना बघून आम्ही चित्रं काढतो त्या."

"म्हणजे ज्यांना हलायचीही परवानगी नाही, त्याच तुझ्याशी बोलतात," ताई म्हणाली. "जागेवरून उठता येत असतं तर त्याही गेल्या असत्या."

मी हसले. फोन ठेवल्यावर मी ब्रश धुतले. ते आधीच धुतलेले होते.

बसणाऱ्या बाई बावीस वर्षं बसत होत्या. साठीच्या पुढे असतील. रुंद चेहरा, जबड्याखाली खोल सावली, हातात कायम विणकाम. सुया हलत, बाकी बाई हलत नसत. वर्ग संपल्यावर त्या माझ्यासाठी रोज दोन तास जादा बसायला तयार झाल्या. मी त्यांना माझ्या कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली बसवी. पाच महिने, पाच चित्रं, एकच बाई, एकच बैठक. त्यांचा एक नियम होता. स्वतःचं चित्र त्या कधीही बघत नसत.

"एकदा बघितलं होतं, अगदी सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिवशी बसता येईना. सारखं वाटायचं, नाक जरा आत घ्यावं."

कातडीसाठी वर्गात सगळे मातीचे रंग वापरत. पिवळी माती, तांबडी माती, पांढरा. मला ते मळकट वाटत. मी माझी कृती बसवली. जबड्याखालच्या सावलीसाठी एक हिरवा आणि त्याचा हिरवेपणा मारायला एक नव्या धर्तीचा जांभळट गुलाबी. वहीत प्रमाणं लिहून ठेवली, सुरीच्या टोकाइतकी इकडे, दोन टोकं तिकडे. ट्यूबलाइटखाली तो रंग बाईंच्या गळ्याशी असा जुळला की कॅनव्हास कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होतात ते कळू नये. सर एकदा येऊन, मागे हात बांधून, बराच वेळ बघत राहिले. "चांगलं जमलंय," म्हणाले. मला त्या रात्री शांत झोप लागली.

तिसरं चित्र सुरू करतानाच माझी ट्यूबलाइट गेली. वायरमन येईपर्यंत नऊ दिवस गेले. नाइलाजाने मी इझल ओढत खिडकीशी नेलं, आणि संध्याकाळी उजेड पुरत नसल्याने ते नऊ दिवस बाईंना वर्गाच्या वेळातच, दिवसभर तिथे बसवलं. माझ्या शेजारी बोका होता. भलाथोरला, कायम अर्धे डोळे मिटलेला मुलगा, सगळे त्याला बोकाच म्हणत. नऊ दिवस मी वैतागले होते. माझी कृती बसेचना. सकाळी जुळलेली सावली दुपारी काहीतरी भलतीच दिसे. शेवटी मी मुकाट्याने सगळ्यांसारखे मातीचे रंग घेतले. त्यात बोका अर्ध्या डोळ्यांनी माझ्या कॅनव्हासकडे बघून म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण बाईंचा कान कुणीतरी पिरगळल्यासारखा झालाय."

मी रागावलेच. दुसऱ्या दिवशी कान दुरुस्त केला, पण त्याला तसं सांगितलं नाही. वहीत लिहिलं : खिडकीचा उजेड भरवशाचा नाही. तिसरं तिथेच संपवलं आणि ट्यूबलाइट आली त्याच दिवशी मी कोपऱ्यात परत गेले.

निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चूक. पंधरा वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेतला तीच गोष्ट माझ्या नाकासमोर नऊ दिवस घडत होती आणि मी खिडकीला दोष देत होते.

चित्रं वाळायला अडगळीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असत. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती एकेक करून दालनात नेली. पाच खेपा. बाकीचे एकमेकांची चित्रं धरत होते, ओरडत होते, "डावीकडे, अरे डावीकडे, तुझी डावी कुठली?" मी पातळी मोजायची नळी आणली होती, तिच्यातल्या बुडबुड्यावरून पाचही चित्रं एका रेषेत लावली. मग दहा पावलं मागे जाऊन वळले.

दालनाचं छप्पर काचेचं होतं. दिवस स्वच्छ होता. आणि भिंतीवर चार बाया बुडून वर आल्यासारख्या बसल्या होत्या. जबड्याखाली, डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या कडेला, जिथे जिथे मी माझी कृती वापरली होती तिथे तिथे पितळेवर चढतो तसला हिरवा चढला होता. मधलं तिसरं तेवढं माणसाचं होतं.

मला आधी काहीच वाटलं नाही. डोक्यात एकच वाक्य आलं, तेही काकांच्या आवाजात : नाही.

तेलरंग एका दिवसात वाळत नाही. खरवडून पुन्हा करायचं म्हटलं तरी महिने हवेत. मी तिथल्या बाकावर बसले. तेवढ्यात बसणाऱ्या बाई दाराशी आल्या. वर्गात राहिलेली लोकरीची पिशवी न्यायला आल्या होत्या. दालनात चित्रं लागली की त्या नजर खाली घालून चालत.

"बाई," मी हाक मारली. "एक मिनिट याल?"

"मी बघत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला."

"चेहरा नका बघू. फक्त रंग बघा. मला दुसरं कुणी नाही विचारायला."

शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवली आणि मान वर केली. पाचही चित्रं त्यांनी डावीकडून उजवीकडे, टाके मोजावेत तशी बघितली.

"ही मी जिवंत आहे," तिसऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "या बाकीच्यांना कधी बाहेर काढलं पाण्यातून?"

मी हसायला गेले आणि हसू मध्येच अडकलं. बाई शेजारी बसल्या. न बोलता बसण्याची त्यांना सवयच होती.

"या खिडकीपाशीच्या की कोपऱ्यातल्या?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"तिसरं खिडकीपाशीचं."

"तरीच. तिथे तुम्ही दिवसभर कुरकुरत होतात. कोपऱ्यात तुम्ही अगदी खूश असायचात." त्या उठल्या, पिशवी घेतली. "नाक मात्र बरं काढलंय."

त्या गेल्यावर मी माहितीचा कागद काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो द्यायचा होता. नाव, चित्रांची मापं, माध्यम, आणि एक रकाना : भिंतीवर उजेड कोणता हवा, छपराचा की दिव्याचा. दिव्याचा लिहिलं की शिपाई वरचा पडदा ओढतो आणि भिंतीवरच्या ट्यूबलाइट लावतो. पाचांतली चार चित्रं पुन्हा माणसांत येतील. उरलेलं, म्हणजे ते तिसरं, मातीच्या साध्या रंगांचं, दोन्हीकडे उभं राहीलच. कुणाला काही कळणार नव्हतं. खोटंही नव्हतं ते. रकाना छापलेलाच होता.

मी पेन धरून बसले. दालनातली मुलं एकेक करून निघून गेली. जाताना बोका माझ्या भिंतीसमोर थांबला, चारही हिरव्या चेहऱ्यांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मॅडमला कोण सांगणार. एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी रागावले होते.

तिन्ही दिव्यांखाली न बघितलेला डबा मी आयुष्यात बाहेर जाऊ दिला नव्हता. मी लिहिलं : छपराचा.

परीक्षक दहा वाजता आले. दोघं बाहेरचे आणि आमचे सर. बाहेरच्यांतल्या वयस्कर चित्रकाराच्या बुटांवर रंगाचे शिंतोडे होते. ते माझ्या भिंतीसमोर उभे राहिले, मग कपाळाला आठ्या घालून मागे सरकले.

"ही दोन माणसांची कामं आहेत का?"

"नाही. दोन दिव्यांची आहेत," मी म्हणाले, आणि काय झालं ते सांगितलं. कृती, ट्यूबलाइट, नऊ दिवस. वहीतलं वाक्यसुद्धा सांगितलं. सरांचे कान लाल झाले, कारण 'चांगलं जमलंय' त्यांनीही त्याच ट्यूबलाइटखाली म्हटलं होतं.

"मग दिव्याचा उजेड का नाही मागितला?" परीक्षकांनी विचारलं. "आम्हाला पत्ताही लागला नसता."

"तुम्हाला नसता लागला. पण उद्या चित्र कुणी घेऊन गेलं आणि खिडकीसमोर लावलं तर? त्यांच्या घरी कुठला दिवा आहे, हे मी कसं सांगणार?"

तिसऱ्या चित्राजवळ जाऊन त्यांनी बाईंच्या कानाकडे बराच वेळ बघितलं. "कान सुरेख आहे," म्हणाले, आणि पुढच्या भिंतीकडे गेले.

यादी संध्याकाळी लागली. दहा नावांत माझं नव्हतं. बोक्याचं होतं. तो जिन्यात भेटला आणि काय बोलावं न कळून म्हणाला, "मॅडम, तुमचं ते तिसरं..." मी म्हणाले, "कान तुझा आहे. सुधारला, पण तुला सांगायचं राहिलं." त्याचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडे दिसले. मग त्याला कुणीतरी खालून हाक मारली आणि तो गेला.

सरांनी खोलीत बोलावलं. "एका चित्रावर वरच्या वर्षात नाही घेता येत," ते म्हणाले. "पण त्या एका चित्रावर वर्ष पुन्हा करू देता येतं. परीक्षकांनीच सुचवलं. एक अट त्यांची आहे."

"कोणती?"

"कोपरा नाही."

रविवारी ताईला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, झालं, आता ये परत. आधी तिकडे कुकर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नापास झालीस ना? मग रड की जरा. शाळेतही कधी रडली नाहीस. पहिली आलीस तरी चेहरा तोच, दुसरी आलीस तरी तोच." मी म्हणाले, रडेन. ती म्हणाली, "आत्ता रड, मी ऐकतेय." फोनवर असं रडता येत नाही. पण ताई फोन न ठेवता तशीच थांबली. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, पुन्हा झाली, तरी ती थांबली.

चौदा तारखेला मी कारखान्यात फोन केला. साहेबांना येणार नाही म्हणून सांगितलं आणि काकांना द्या म्हणाले.

"काका, चार फुटले."

"किती दिव्यांखाली बघितले होतेस?"

"एका."

"आणि बघितले कुणी?"

"मीच."

पलीकडे काकांनी नाकाने श्वास सोडला. रंग फुटला की ते असाच सोडत. "तुझ्या जागी आलेल्या मुलीला रोज नाही म्हणतो," ते म्हणाले. "रोज विचारते, का नाही." मग म्हणाले, "ठेवतो. पेटी उघडी आहे."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळी मुलं उठून उभी राहिली. ही खालच्या वर्गातून आलेली, मला लांबूनच बघितलेली; त्यांनाही मी बाईच वाटले. या खेपेला मी 'बसा' म्हणाले नाही. सरळ दुसऱ्या खिडकीपाशी गेले, दोन इझलांच्या मधल्या फटीत माझं इझल घुसवलं. डाव्या बाजूची मुलगी आक्रसून सरकली. तिचं कोपर तरीही माझ्या कोपराला लागत होतं. मुलं थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग एकमेकांकडे बघत बसली. बोक्याच्या वर्गासारखी खसखस पिकली नाही. 

समोर बसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विणकामावरून नजर न काढता भुवई तेवढी उचलली.

तीन दिवस मी कुणाशी बोलले नाही. कुणी माझ्याशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी उजेड खिडकीवरून सरकला आणि मी सकाळी लावलेला गाल मला नीट दिसेनासा झाला. म्हणजे दिसत होता. पण तो रंग मिसळला मीच होता.

"ऐक ना," मी डावीकडे म्हणाले. "या गालाकडे जरा बघतेस? रंग बरोबर आहे का?"

मुलगी दचकली. "मला काय कळणार मॅडम? तुम्ही केवढ्या..."

"काही कळायला नको. एकदा बाईंकडे बघ, एकदा इकडे बघ. हो की नाही, एवढंच सांग."

तिने बाईंकडे बघितलं. माझ्या कॅनव्हासकडे बघितलं. पुन्हा बाईंकडे. खालचा ओठ दातात धरला.

"नाही," ती म्हणाली, आणि घाबरून लगेच, "म्हणजे का ते नाही सांगता येत मला."

"ते तुझं काम नाही," मी म्हणाले, आणि सुरी घेऊन गाल खरवडायला लागले.